भरल्या विहिरीवरची कोरडी मोटर

या सदरात येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि त्यातला एकही मला कधी पटलेला नाही. बारामतीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. मासिकं आली की शिक्का मारण्याआधी चाळायची सवय आहे. असा एखादा अनुभव वाचताना मी मनातल्या मनात समासात शेरे लिहीत जायचे — इथे ताप असणार, इथे वारा, इथे सांगणाऱ्याला तसं घडायला हवं होतं म्हणून तसं दिसलं... भुताखेतांची मला भीती वाटली नाही, कारण ती माझ्यासाठी कपाटातल्या एका खणापलीकडे कधी गेलीच नव्हती.

आता मी जे लिहिते आहे तेही त्याच खणात जाईल. त्याला माझी हरकत नाही. वाचणाऱ्याने समासात हवं ते लिहावं. मी घडलं तसं, क्रमाने सांगते. ते मी एकटीने पाहिलेलं नाही, अंधारातही पाहिलेलं नाही. लख्ख दिवसा, सरकारी माणसांच्या समोर घडलेलं आहे.

सतीश माझा धाकटा भाऊ. कळंबच्या शिवारात, वालचंदनगरकडून येणारा डांबरी रस्ता सोडून कालव्याच्या फाट्याच्या कडेने आत गेलं की आमची जमीन लागते. वडिलांच्या वेळी तिथे ऊस होता, सतीशने पेरू लावला. फाट्याच्या कच्च्या रस्त्यावर एक मोठी बाभूळ आहे. तिथून पेरूच्या ओळींमधून चालत गेलं की विहीर, आणि विहिरीच्या काठावर पत्र्याची खोली. आत मोटर, स्टार्टर, आणि भिंतीवरच्या फळीवर तीन किटकॅट. शहरातल्या वाचकांसाठी सांगते — किटकॅट म्हणजे चिनी मातीचे फ्यूज, मुठीत मावतील एवढे. ते उपसून काढले की वीज मोटरीपर्यंत पोचतच नाही. आमच्याकडचा शेतकरी मोटर बंद करून घरी निघाला की नुसतं लाल बटण दाबून थांबत नाही. किटकॅट काढतो आणि खिशात टाकतो. पोरांनी हात लावू नये, कुणी परस्पर मोटर चालवू नये, अशी काहीतरी कारणं त्यामागे असतील, पण आता ती विचार न करता होणारी गोष्ट झाली आहे. सतीशच्या सगळ्या शर्टांचे खिसे त्यामुळे ओघळलेले असायचे. "जाईल तिकडं दगडं घिऊन फिरत्यात," असं त्याची बायको वैशाली म्हणायची.

त्या तिन्हींपैकी दोन पांढऱ्या होत्या आणि एक तपकिरी. तपकिरी माझ्या बारामतीच्या खोलीतली. तिथलं वायरिंग बदललं तेव्हा जुन्या बोर्डावरून सतीशनेच ती काढून घेतली होती. "अक्का, असली आता मिळत न्हाय. ही माझ्यापरीस जास्त टिकंल," असं तो म्हणाला होता. पिशवीत टाकताना ती माझ्या हातून फरशीवर पडली आणि तिच्या कोपऱ्याचा टवका उडाला. तो टवका मी विसरले नव्हते, हे पुढे कामाला आलं.

तो उन्हाळा होता. विहीर तळाला गेली होती आणि कालव्याच्या पाण्याचं आवर्तन अजून सुटायचं होतं. त्याच दिवसांत आसपासच्या विहिरींवरच्या केबल चोरीला जात होत्या — आतल्या तांब्यासाठी. जो तो आपापल्या मोटरीवर नजर ठेवून असायचा. शेतीच्या मोटरींना लागणारी थ्री फेजची लाइट आठवड्याआड दिवसा आणि रात्री मिळते; त्या आठवड्यात ती दिवसा होती. दुपार कलल्यावर सतीश झाडांना थोडं तरी पाणी मिळावं म्हणून विहिरीवर गेला.

मी ग्रंथालय बंद करत होते तेव्हा आबांचा फोन आला. आबा म्हणजे आमचे चुलते. "सुमन, निघ तशी," एवढंच म्हणाले.

पोलिसांची फिर्याद मी नंतर इतक्या वेळा वाचली की आता ती पाठ आहे. बाहेरून आलेलं एक पथक एका फरारी आरोपीच्या मागावर होतं — साध्या कपड्यांत, खाजगी गाडीतून. फिर्यादीप्रमाणे तो आरोपी आपल्या साथीदारासह फाट्याच्या रस्त्यावर आला. पोलिसांना पाहून आरोपी पळाला आणि साथीदार कोयता उगारून अंगावर धावला. तेव्हा पथकाच्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी एक गोळी झाडली. तो साथीदार म्हणजे सतीश. गोळी पायावर नेम धरून मारली होती म्हणे... लागली बरगडीखाली. इंदापूरला दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

आमच्या घरी एक कोयता आहे. तो गोठ्याच्या आढ्याला खोचलेला असतो. त्या दिवशीही तो तिथेच होता.

मेलेल्या माणसावर गुन्हा दाखल होतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पोलिसांना जिवे मारण्याचा प्रयत्न, असा तो गुन्हा. प्रत्येक कागदावर त्याच्या नावाआधी दोन शब्द आले — मयत आरोपी. त्याची मुलगी तेव्हा नववीत होती. तिने एकदा मला विचारलं, "आत्या, पप्पा गेल्यावर आरोपी कसे झाले?" तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्या दोन शब्दांतला एक खरा होता, त्याचं काही करता येणार नव्हतं. दुसरा निघायला हवा होता.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. त्यातून काहीतरी कळेल म्हणून थांबलेली माणसं लवकर घरी गेली. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण आमच्या घरात कुणी खुणा शोधत बसलेलं नव्हतं.

किटकॅटांचं पहिल्यांदा वैशालीच्या लक्षात आलं. पेरू सुकायला लागला म्हणून ती विहिरीवर गेली, तर फळीवर तिन्ही खाचा रिकाम्या. तिला वाटलं, नेहमीप्रमाणे त्याच्या खिशात असतील. दवाखान्यातून जे कपडे परत मिळाले त्यात नव्हत्या. ती आबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथे सांगितलं, मयताच्या खिशात काही मिळालेलं नाही.

"मग कुटं गेल्या वन्सं?" तिने मला विचारलं. "मोटर बंद हाय, म्हंजी कुणीतरी बंद केली. त्येंनी केली आसंल तर किटकॅट त्येंच्या खिशात पायजेत. न्हाईत. मग बंद केली कुणी?"

मी म्हटलं, नव्या आणू. ती नको म्हणाली. "त्या घावल्याबिगर मोटर चालू करायची न्हाय." शेजारच्या तात्यांनी त्यांच्या पाइपलाइनीवरून आमच्या पेरूला पाणी दिलं. पूर्ण पावसाळा गेला, पण आमच्या मोटरीवर किटकॅट बसल्या नाहीत.

पोलिसांच्या गोळीने माणूस गेला की दंडाधिकारी चौकशी होते. आमची चौकशी प्रांत मॅडमकडे आली. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला मोजक्या. मी जबाबात किटकॅटांचं सांगितलं. पथकाच्या वतीने आलेले वकील हसले आणि म्हणाले, "ताई, गावात केबल चोरीला जाते, तिथे फ्यूज जाणार नाहीत का?" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं, आणि पाऊस संपल्यावर स्थळपाहणी ठेवली.

ऑक्टोबरचं ऊन होतं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि विहीर इतकी भरली होती की काठावर वाकलं तर हात पाण्याला लागला असता. पथकातली माणसं आली होती, या खेपेला गणवेशात. पंच म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई आणि गावातला वायरमन होता. वैशाली, मी आणि आबा एका बाजूला उभे होतो. आबांनी गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता बरं ड्रेस घालून आलाव सायेब," ते म्हणाले. "त्या दिशी ह्योच घातला असता तर पोरानं पेरू कापून दिलं असतं तुमाला. मीठ लावून."

"आजोबा, मला काम करू द्या," मॅडम म्हणाल्या.

"करा की. आमी कुटं धरलंय."

अधिकाऱ्याने बाभळीखाली उभं राहून दाखवलं — आम्ही इथे, आरोपी तिथून आले, हा असा धावला. मॅडमनी विचारलं, "विहिरीकडे कुणी गेलं होतं?"

"नाही मॅडम. रस्ता सोडून आमच्यापैकी कुणी पाऊलसुद्धा आत टाकलेलं नाही."

मॅडमनी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. रांगेत शेवटी एक तिशीतला पोलीस शिपाई उभा होता, त्यानेही हलवली. तो माझ्या लक्षात राहिला, कारण मघाशीच अधिकाऱ्याने त्याला दबक्या आवाजात सुनावलं होतं, "खिशातला हात काढ." त्याने तो काढला होता आणि थोड्या वेळाने पुन्हा घातला होता.

माझ्या जबाबामुळे मॅडमना खोली पाहायची होती. आम्ही सगळे पेरूच्या ओळींतून विहिरीपर्यंत गेलो. वैशालीने कुलूप काढलं. मॅडमनी आत वाकून फळी पाहिली, रिकाम्या खाचा पाहिल्या, आणि वायरमनला विचारलं, "यात लाइट आहे का आत्ता?"

"न्हाय मॅडम. ह्या आठवड्यात थ्री फेज रातची हाय. आणि असती तरी किटकॅट कुटं हायत्या?"

आम्ही बाहेर आलो. मॅडम लेखनिकाला काहीतरी सांगत होत्या...

मोटर चालू झाली.

हे वाक्य याहून वेगळं कसं लिहावं, ते मला कळत नाही. आधी ती सुरू होतानाची घरघर, मग लागलेला सूर. आम्ही सगळेच मागे वळलो. क्षणभर मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्या जागी लहानपणापासून ऐकलेला तो आवाज आहे. मग पाहिलं, तर लेखनिकाचं पेन हवेतच थांबलं होतं.

वायरमन आत गेला. तो भित्रा नाही, खांबावर चढणारा माणूस आहे. त्याने टेस्टर लावला. दारातून मला दिसत होतं — टेस्टरचा दिवा लागत नव्हता, आणि मोटरीच्या पंख्याच्या वाऱ्याने त्याचा सदरा फडफडत होता. त्याने लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मोटर चालूच. तो बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

"करंट न्हाय मॅडम," तो म्हणाला.

"मग ही कशावर चालली आहे?"

त्याने टेस्टर खिशात घातला.

तेव्हा वैशाली बोलली. ती मोटरीकडे पाहतच नव्हती, हौदाकडे पाहत होती. हौदावर जिथे पाइपाचं तोंड आहे तिथून पाणी येत नव्हतं. फस्, फस् अशी नुसती हवा येत होती, मध्येच चारदोन थेंब.

"आवाज ऐका," ती म्हणाली. "ह्यो उन्हाळ्यातला आवाज हाय."

शेतात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाणी ओढणारी मोटर जड, भरल्या आवाजात चालते. पाणी संपलं की तिचा आवाज पातळ होतो, वर चढतो, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. थोडा वेळ जरी तशी चालली तरी ती जळते. ती मोटर तशी ओरडत होती.

"हिर भरल्याली हाय की गं," आबा म्हणाले. त्यांनी वाकून पाहिलं, जणू काही मधल्या वेळात पाणी कुठे गेलं असेल. पाणी जागेवर होतं. स्वच्छ आणि काठोकाठ.

तो शेवटचा शिपाई पुढे आला होता. त्याचा चेहरा पाहून मला मोटरीचा विसर पडला. "जळंल ती," तो म्हणाला. "बंद करा कुणीतरी. जळंल."

"तू मागं हो," अधिकारी म्हणाला.

तो मागे झाला नाही. खोलीच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. मग आत कुणी बसलेलं असावं आणि त्याला समजावावं, तशा आवाजात बोलला. आम्हा सगळ्यांना ते ऐकू गेलं.

"केली हाय बंद, दादा. तवाच केली. तुमी बगत हुताव."

मोटरीचा आवाज उतरत गेला. बटण दाबल्यावर जसा उतरतो तसाच, अगदी नेहमीसारखा. पंखा शेवटचे वेढे घेऊन थांबला. पाइपातून हवेचा एक उसासा आला, आणि फाट्याच्या पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता तो ऐकू येऊ लागला.

त्या शिपायाने खिशातला हात बाहेर काढला. हातात रुमालाची पुरचुंडी होती. ती त्याने मॅडमसमोर हौदाच्या कठड्यावर सोडली. दोन पांढऱ्या आणि एक तपकिरी. तपकिरीच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता.

वैशाली हौदाच्या कठड्यापाशी जमिनीवर बसली.

"या तुमच्याकडे कशा?" मॅडमनी विचारलं.

"मी काढल्या हुत्या मॅडम."

"कधी?"

"त्या दिशीच. गोळी लागल्यावर."

अधिकारी काहीतरी म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडे न पाहता हाताने थांबवलं. लेखनिकाला म्हणाल्या, "लिहा." आणि त्या शिपायाला म्हणाल्या, "मला पहिल्यापासून सांगा. तुम्ही रस्त्यावर नव्हता?"

"न्हाय. रस्त्यावर ऊन हुतं. फरारी आरोपी फाट्यानं येणार अशी खबर हुती, म्हणून आमी हितं, खोलीच्या सावलीला बसलो हुतो. मोटर चालूच हुती. मोटरीपाशी मानूस दिसला न्हाय. मग मोटर अशीच ओरडाया लागली... आणि त्यो त्या वळीतनं पळत आला. हातात खोरं हुतं, पाणी धरायचं. आमाला बघितलं आणि वरडला, केबल कापताय व्हय रं. आमी साध्या कपड्यात. त्येला चोर वाटलो, सायबांला त्यो आरोपी वाटला."

"आपण पोलीस आहोत असं तुम्ही सांगितलं का?"



"सांगितलं. पडल्यावर."

वैशालीने, जमिनीवर बसूनच, विचारलं, "मग त्ये काय म्हणलं?"

तो तिच्याकडे वळला. मला वाटतं, तिच्याकडे पाहायची हिंमत त्याला तेव्हाच झाली. "म्हणलं, आदी सांगायचं की." "आणि म्हणलं, मोटर बंद करा. पाणी संपलंय, जळंल. दोनदा म्हणलं. बाकीचे गाडी आणाया पळाले हुते. मी आत जाऊन बटन दाबलं आणि किटकॅट काढल्या. आमच्याकडं बी तसंच करत्यात, माझा बाप तसंच करतो... मी काढल्या आणि खिशात टाकल्या, मला कळलं बी न्हाय. बायकोनं पँट धुवाया घेतली तवा घावल्या."

"आणि आज बरोबर का आणल्या?"

"विहिरीत टाकणार हुतो. म्हणलं, जिथल्या तिथं जातील."

मॅडमनी त्याचा जबाब तिथेच, हौदाच्या कठड्यावर बसून पूर्ण करून घेतला. कोयता कुठून आला, सतीशला रस्त्यावर कुणी नेलं, हे सगळं त्याने सांगितलं. ते कागदावर आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. अधिकारी बाभळीखाली जाऊन फोनवर बोलत होता. त्या शिपायाने सही केली, तेव्हा आबांनी त्याला विचारलं, "पाणी पितोस का रं?" तो नको म्हणाला. आबांनी तरीही तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

निघण्याआधी मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ती मोटर चालू झाली होती ना?"

"झाली होती."

"त्याचं मी काय लिहू?"

मी तोवर मनाशी विचार केलेला होता. वर्षानुवर्षं असे अनुभव वाचून मी जे शेरे मारत होते, तेच त्या अहवालावर मारले जाणार होते. त्या एका ओळीने बाकीच्या सगळ्या ओळी हसण्यावारी गेल्या असत्या. "लिहू नका," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे.

पुढे जे झालं, त्यात अमानवीय असं काही नाही. सगळ्यात आधी निलंबन झालं ते त्या शिपायाचं — मुद्देमाल लपवून ठेवल्याबद्दल. अधिकारी आजारपणाच्या रजेवर गेला, मग त्याची बदली झाली. अहवाल गेला. अधिकाऱ्यावर खटला चालवायला वरून परवानगी लागते, ती अजून आलेली नाही. पथकाचे वकील म्हणतात, तशा किटकॅट कुठल्याही दुकानात मिळतात. तपकिरीच्या टवक्याबद्दल मी जबाबात सांगितलं आहे आणि कोर्टात पुन्हा सांगेन.

पण सतीशचं नाव त्या गुन्ह्यातून निघालं. आदेश आला त्या दिवशी मी कळंबला होते. वैशालीने तो मुलीच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आता नुसतं मयत आहे." मग अभ्यासाला बसली.

कारणं मी शोधली नाहीत असं नाही. आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी मन लावून ऐकलं. शेजारच्या लाइनीवरून उलटा आलेला प्रवाह असू शकतो, म्हणाले. मग विचारलं, "फ्यूज नव्हतेच ना पण?" मी नाही म्हटल्यावर चहा ढवळत राहिले. वायरमन आता सांगतो की तो त्या वेळी रस्त्याकडे उभा होता, त्याने काही पाहिलं नाही. त्याला दोष देत नाही, त्याला गावात राहायचं आहे. मॅडमची बदली झाली. आबांना विचारलं तर ते म्हणतात, "वाजली. त्यात काय इचारायचं." सगळ्यांना एकाच वेळी भास झाला असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण भास झाला असता तर मला तो भरल्या आवाजाचा झाला असता. सतीश गेला त्या दुपारी मी तिथे नव्हते. ती मोटर कशी ओरडत होती, हे मला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तो शिपाई ग्रंथालयात आला होता. बारामतीच्या कोर्टात दुसऱ्याच एका प्रकरणाची तारीख होती म्हणे. काउंटरपाशी उभा राहिला. साध्या कपड्यांत, हातात पिशवी. मी आधी त्याला वाचक समजले.

"मोटर परत कधी...?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "वैशालीने नव्या किटकॅट बसवल्या. नीट चालते."

"पाणी हाय का विहिरीला?"

"तळाला गेलंय. पण आहे."

"लक्ष ठेवा म्हणावं," तो म्हणाला. "दुपारचं लई लवकर संपतं."

मी हो म्हटलं. तो जिना उतरून गेला.

सुट्टीला कळंबला गेले की मी विहिरीवर जाऊन बसते. काही घडावं म्हणून नाही, किंवा त्यासाठीही असेल. मोटर बटण दाबल्यावर चालू होते आणि दाबल्यावर बंद होते. सतीशने न्याय मागितला नव्हता, बदला मागितला नव्हता, आपलं नाव कागदावर काय लागेल हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी मोटर बंद करावी. ती तर त्याच्या डोळ्यांसमोर बंद केलेली होती. मग ती पुन्हा का लागली, आणि विहीर काठोकाठ भरलेली असताना कोरडी का वाजत होती... ते मला माहीत नाही.